चांदनी चौक

चांदनी चौक : जुन्या दिल्लीतील मोगलकालीन घाऊक व किरकोळ बाजारपेठ. लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजासमोरून निघून पश्चिमेला फतेहपुरी मशिदीपर्यंत गेलेला सुमारे सव्वा किलोमीटरचा सरळ रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या गल्ल्या, कूचे व कटरे मिळून ही पेठ होते. शाहजहानने १६३९ मध्ये शाहजहानाबादची उभारणी सुरू केली आणि १६४८ मध्ये दरबार इथे आणला. बाजाराची आखणी त्याची मुलगी जहाँआरा बेगम हिने १६५० च्या सुमारास करवली. रस्त्याच्या मधोमध कालवा वाहत होता. मध्यावर अष्टकोनी चौक, त्यात हौद आणि उत्तरेला जहाँआराची सराई व बाग होती. त्या चौकाचे नाव पुढे साऱ्या रस्त्याला लागले.

पेठेने पाहिलेल्या आपत्ती मोठ्या आहेत. मार्च १७३९ मध्ये इराणच्या नादिरशाहाने इथल्या सुनहरी मशिदीत बसून कत्तलीचा हुकूम दिला. त्याच मशिदीलगत गुरुद्वारा सीसगंज आहे. गुरू तेगबहादूर यांचा १६७५ मध्ये शिरच्छेद झाला ती ही जागा. मराठी वाचकाने थांबावे असे ठिकाण मात्र रस्त्याच्या किल्ल्याकडील टोकाशी, जैनांच्या लाल मंदिराजवळ आहे. तिथले गौरीशंकर मंदिर आपा गंगाधर या मराठा सरदाराने १७६१ च्या सुमारास बांधल्याचे सांगतात. १७८४ च्या अखेरीस मोगल बादशहा शाह आलमने महादजी शिंद्यांच्या हाती बादशाहीचा कारभार सोपवला. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा शिंद्यांच्या फौजेनेच दिल्ली परत घेतली. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत इंग्रजांच्या जनरल लेकने शिंद्यांची ही सत्ता संपवली. आपल्याकडे दिल्लीचा विषय पानिपतावरच संपतो. पानिपतानंतरच्या या वर्षांची आठवण फार थोड्यांना असते, आणि ती असायला हवी.

आजच्या रस्त्याचे रूप मुख्यतः १८५७ नंतरचे आहे. इंग्रजांनी सराई पाडून तिथे टाउन हॉल बांधला. चौकातला हौद जाऊन घंटाघर आले, आणि तेही १९५० च्या दशकात पडले. जप्त झालेली फतेहपुरी मशीद लाला चुन्नामल या कापड व्यापाऱ्याने लिलावात १९,००० रुपयांना घेतली. ती १८७७ मध्ये मुसलमानांना परत मिळाली. चुन्नामलची हवेली कटरा नील भागात अजून उभी आहे. १८६० च्या दशकात रेल्वे आली, तिचे स्थानक पेठेच्या पाठीशी झाले आणि उत्तर भारतातल्या गावोगावच्या दुकानदारांना माल पुरवणारे केंद्र म्हणून चांदनी चौक वाढत गेला. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासित व्यापाऱ्यांसाठी किल्ल्यासमोर लाजपतराय मार्केट उभे राहिले.

पराठ्यांची गल्ली आणि जिलेबी पाहून परतणाऱ्याला ही पेठ कळत नाही. तिचा कणा कटरा आहे : एका दरवाजातून आत शिरावे, मध्ये अंगण, भोवती दोन-तीन मजल्यांवर दुकाने व गोदामे, आणि बहुधा सगळीकडे एकाच जातीचा माल. पुण्याच्या रविवार पेठेत किंवा मुंबईच्या मंगलदास मार्केटात वावरलेल्या माणसाला हा एकजिनसीपणा ओळखीचा वाटेल. दरिबा कलाँमध्ये चांदीचे दागिने व अत्तरे, किनारी बाजारात जर, गोटा व लग्नाचे सामान, कटरा नीलमध्ये कापड, नई सडकेवर शालेय व महाविद्यालयीन पुस्तके, चावडी बाजारात कागद व लग्नपत्रिका, भगीरथ पॅलेसमध्ये विजेचे सामान मिळते. भगीरथ पॅलेस ही मूळची बेगम समरूची हवेली. बल्लीमारानमध्ये चष्मे व पादत्राणे आहेत, आणि तिथल्याच गली कासिम जानमध्ये शायर गालिबचे शेवटचे घर आहे.

फतेहपुरीपलीकडची खारी बावली ही देशातल्या सर्वांत मोठ्या मसाला बाजारांपैकी एक. १९२० च्या दशकातील गडोदिया मार्केटच्या अंगणात लाल मिरचीच्या गोण्या रचलेल्या असतात. तिखटाचा ठसका नवख्याला जिन्यावरच गाठतो. तोंडाला रुमाल बांधलेले पल्लेदार (हमाल) पाठीवर पोती घेऊन वर-खाली करत राहतात. आत गादीवर बसलेला लाला, वही सांभाळणारा मुनीम, खरेदीदाराला आणणारा दलाल आणि अडत्या अशी व्यवहाराची साखळी आहे. नमुन्याची मूठ हातावर घेऊन वास व रंग पाहिल्यावर भाव ठरतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीवर उधारी चालते. राजवटी बदलल्या तरी पेठ टिकली ती या पतीमुळे, असे माझे मत आहे. रस्त्याची शोभा तिला कधीच तारू शकली नसती.

२००५ मध्ये मेट्रोचे स्थानक सुरू झाले. २०२१ मध्ये मुख्य रस्ता लाल दगडाने नव्याने बांधून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंद केला गेला. चालणाऱ्याला त्यामुळे खरोखर मोकळीक मिळाली. गल्ल्यांपर्यंत मात्र ही सुधारणा पोचलेली नाही. डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे आणि जुन्या हवेल्यांत कोंबलेला माल तसाच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भगीरथ पॅलेसला लागलेली आग विझायला कित्येक दिवस लागले, कारण बंबांना आत शिरायला वाटच नव्हती. राहती कुटुंबे निघून गेली की हवेलीचे गोदाम होते, आणि गोदामाची डागडुजी कोणी करत नाही. महापालिकेचा कारभार सिव्हिक सेंटरच्या नव्या इमारतीत गेल्यापासून टाउन हॉलही बहुतेक रिकामाच आहे.