नागपूरची साथ, भिंतीतली माशी

उन्हाळा सरत आला की वऱ्हाडातल्या मातीच्या भिंतींना भेगा पडलेल्या दिसतात. हिवरखेडसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात पावसाळ्याआधी पोतारा द्यायचा, शेणमातीनं भेगा बुजवायच्या, हे बायांचं ठरलेलं काम. विंचूकाटा शिरू नये, एवढंच त्यामागचं कारण. पण त्याच भेगेत आणखी एक भाडेकरू राहतो, याचा पत्ता लागला तो नागपूरच्या एका तापाच्या साथीमुळे.

1965 चा उन्हाळा. नागपुरात घरोघरी माणसं तापानं आडवी झाली होती. साथ मुख्यतः चिकुनगुनिया आणि डेंगीची. रक्ताचे नमुने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात तपासले गेले. हे केंद्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी 1952 मध्ये उभारलेलं. 1957 मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा क्यासनूर तापाचा विषाणू याच मंडळींनी शोधला होता. नागपूरच्या नमुन्यांत प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांना दोन रुग्णांच्या रक्तात काही निराळंच सापडलं. ते ना चिकुनगुनिया, ना डेंगी. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, रेबीजच्या विषाणूच्या दूरच्या भाऊबंदांपैकी एक नवाच विषाणू. 1967 मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि त्या विषाणूला दिलेलं नागपूरच्या चांदीपुऱ्याचं नाव विषाणूशास्त्रात कायमचं नोंदलं गेलं. (क्षेपणास्त्रांचं चांदीपूर ओडिशात, त्याचा इथे संबंध नाही.)

हा विषाणू पसरवतं कोण? विजय धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष यांना 1970 च्या सुमारास औरंगाबादेत पकडलेल्या वाळूमाश्यांत हाच विषाणू मिळाला. वाळूमाशी म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा जीव. अंगभर लव, बसली की पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे. उडते कमी, टुणटुण उड्या मारत सरकते, आणि डासासारखी गुणगुणही करत नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून सहज आत येते. अंडी घालायला तिला डबकं लागत नाही. भिंतीची भेग, कोठ्यातली ओलसर शेणमाती, पालापाचोळा पुरतो. त्यामुळे नाल्या साफ करून, टाक्या कोरड्या करून ती हटत नाही.

एवढं कळूनही पुढची कित्येक वर्षं चांदीपुरा हा साधा ताप देणारा किरकोळ विषाणू समजला गेला. 1980 मध्ये मध्य प्रदेशात मेंदूच्या विकाराच्या रुग्णात तो सापडला, पण तेवढ्यानं कुणाची झोप उडाली नाही. अशा संशोधनाचं नशीबच तसं: कामाची किंमत कळायला मुलं दगावावी लागतात.

2003 च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात तेच घडलं. 329 मुलं आजारी पडली, 183 गेली. सकाळी अंगणात खेळणारं पोर तापानं फणफणायचं, उलट्या, झटके, मग बेशुद्धी. अनेकांना दवाखान्यात चोवीस तासही मिळाले नाहीत. पुण्याच्या त्याच केंद्रानं, ज्याचं नाव 1978 पासून राष्ट्रीय विषाणू संस्था झालं आहे, चांदीपुऱ्याचं नाव घेतलं. काही डॉक्टरांनी त्यावर शंका घेतली, आणि घ्यायलाही हवी होती. मेंदूज्वराची कारणं अनेक असतात. पण विषाणूची पहिली ओळख पटवणं सोपं गेलं, ते नागपूरच्या त्या दोन रुग्णांमुळे. त्यांच्याकडून मिळालेला विषाणू ताडून पाहायला हाताशी होता.

2007 मध्ये साथ नागपूर विभागात आली. 2024 च्या पावसाळ्यात गुजरातेत तिनं पुन्हा मुलांचे बळी घेतले.

या आजारावर अजून लस नाही, खास औषधही नाही. मेंदूची सूज उतरवणं, झटके थांबवणं, श्वास सांभाळणं एवढंच डॉक्टरांच्या हाती. तेव्हा पावसाळ्यात लेकराला एकाएकी जोराचा ताप येऊन झटके आले, तर अंगारा-धुपाऱ्यात तास घालवू नका. गाडी काढा आणि थेट मोठा दवाखाना गाठा. आणि भिंतीच्या भेगा यंदाही बुजवा.