मुंबई ते लंडन विमानाने किती अंतर, किती तास? इच्छापुरातून असा धरा हिशेब

इच्छापूर : पोरगा किंवा पोरगी लंडनला असली की घरात एक प्रश्न हमखास निघतो, विमानाने यायला किती वेळ लागतो? उत्तर मिळते ‘नऊ-दहा तास’. ते खरे आहे, पण तेवढे फक्त विमानातले.

अंतर : मुंबई ते लंडनचे हिथ्रो विमानतळ हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची रेघ धरून ते मोजतात. विमान प्रत्यक्षात थोडे जास्त उडते, कारण हवाई हद्दी आणि हवामान पाहून मार्ग वळवावा लागतो.

वेळ : ताशी 900 किलोमीटर धरले तर हिशेब 8 तासांचा येतो. पण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास, तर येताना नऊच्या आसपास लागतात. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे पहिले लंडन विमान ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले होते. आता थेट विमाने आहेत.

घड्याळ : लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ छापलेली असते. हिवाळ्यात लंडनहून रात्री 9.30 ला निघालेले विमान मुंबईत दुपारी 12 ला उतरते. वजाबाकी केली तर साडेचौदा तास दिसतात, प्रवास मात्र नऊच तासांचा.

दारापासून दारापर्यंत : बऱ्हाणपूर ते मुंबई रेल्वेने सुमारे 500 किलोमीटर. त्याआधी इच्छापूर ते बऱ्हाणपूर रस्ता. विमानतळावरून स्टेशन, गाडीची वाट, हे सगळे धरून दहा तास सहज जातात. म्हणजे 7,200 किलोमीटरला जेवढा वेळ, जवळपास तेवढाच शेवटच्या 500 किलोमीटरला! जळगावहून मुंबईचे विमान जुळले तर काही तास वाचतात, पण ते रोज जुळेलच असे नाही. वेळापत्रक आधी बघून घ्यावे.

घरात कुणी गेले की ‘पोरासाठी थांबायचे का?’ हे ठरवताना हाच हिशेब कामी येतो. वरच्याच विमानासाठी पोरगा तीन तास आधी, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री 12 ला लंडनच्या विमानतळावर पोहोचला असे धरा. दुपारी 12 ला मुंबई, तपासणी आणि सामानाला दीड तास, पुढे दहा तास. घराच्या दारात तो रात्री साडेअकरा-बाराला येणार.

म्हणून फोनवर ‘विमान किती तासांचे?’ एवढेच विचारू नका. ‘तिकीट मिळाले का, विमानतळावर कधी पोहोचतोस?’ हे विचारा आणि तिथून पुढे पूर्ण 24 तास धरा.