खचलेले मन आणि परचुरेशास्त्रींची झोपडी

"आता माझा कोणाला काय उपयोग जी?" कॅन्सरचे, डायलिसिसवरचे किंवा लकवा झालेले रुग्ण असे म्हणाले की नातेवाईक लगेच म्हणतात, "डॉक्टर, यांना डिप्रेशन आलंय." पण प्रत्येक वेळी ते नैराश्य नसते. नैराश्यात आनंद वाटण्याची क्षमताच आटते. काही रुग्ण मात्र नातू आला की हसतात, आवडीची भाजी चवीने खातात. तरीही पुढे वाट नाही, आपण घराला ओझे झालो, असे त्यांना ठामपणे वाटते. याला डिमॉरलायझेशन, म्हणजे मनोबल खचणे म्हणतात. जेरोम फ्रँक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डेव्हिड किसेन व सहकाऱ्यांनी गंभीर आजारातील या अवस्थेचे वर्णन केले.

शब्द नवा असला तरी विदर्भाने हे दुःख फार आधी पाहिले आहे. आपल्या पूर्व विदर्भात कुष्ठरोग जुनाच. रोग झाला की घर, गाव, काम, नाव सगळेच सुटायचे. शरीराआधी माणूस मनाने मरायचा.

परचुरेशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. येरवडा तुरुंगात असताना त्यांना कुष्ठरोग होता आणि तिथेच असलेल्या गांधीजींशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले, ते जगण्याची आशा सोडूनच. गांधीजींनी त्यांच्यासाठी जवळच झोपडी बांधून दिली आणि स्वतः त्यांची सेवा व मालिश केली. तेव्हा चालमोगरा तेलापलीकडे फारसे औषध नव्हते. सल्फोन औषधांचा गुण अमेरिकेत १९४१ पासून दिसू लागला. पण शास्त्रीबुवांकडे विद्या होती. ते आश्रमात संस्कृत शिकवू लागले. 'रोगी' पुन्हा 'शास्त्री' झाला.

रोग हटला नाही. पुढे ते वर्ध्याजवळच्या दत्तपूरला, मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केलेल्या कुष्ठधामात राहिले आणि १९४५ मध्ये वारले. म्हणून कोणी म्हणेल, मग उपयोग काय झाला? उपयोग हाच, की मधली वर्षे ते माणूस म्हणून जगले. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. तिथे उपचारांसोबत शेती, विणकाम, बांधकाम असे काम आले. दानावर जगणारा रुग्ण स्वतः कमावू लागला.

आज आपल्या घरात असा रुग्ण असेल तर काय करावे?

आधी वेदना, झोप, धाप यांवर उपचार करून घ्या. दुखण्याने कण्हणाऱ्या माणसाला अर्थ शोधायला सांगू नये. "असं बोलू नका, सगळं ठीक होईल" म्हणून विषय बंद करू नका. काय सलते ते विचारा आणि ऐका. आजारापूर्वी ते कोण होते ते आठवा. शिक्षक असतील तर नातवाचा अभ्यास, शेतकरी असतील तर धानाच्या बियाण्याचा सल्ला त्यांच्याकडूनच घ्या. पण काम खरे हवे. मन रमवण्याचे नाटक रुग्णाला लगेच कळते.

रुग्ण मरणाची इच्छा बोलून दाखवत असेल तर थांबू नका. त्याला एकटे ठेवू नका, डॉक्टरांना सांगा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. नैराश्य सोबत असेल तर औषधही लागते.

रोग बरा करणे दरवेळी आपल्या हातात नसते. रुग्णाला घरातले त्याचे स्थान परत देणे मात्र बहुतेक वेळा असते.