विषम अंतरांचीं कोष्टकें

ज्योतिषाच्या जुन्या पोथ्यांबरोबर कोष्टकांचीं सुटीं पानें पुष्कळदां मिळतात. मूळ ग्रंथ मिळाला म्हणजे हीं पानें निरुपयोगी मानण्याची प्रवृत्ति आहे. उतरून घेतलींच तर फळांचे आंकडे घेतले जातात व कोनांची वरची ओळ गाळली जाते. त्या ओळीवांचून कोष्टक मुकें होतें, हें येथें दाखवावयाचें आहे.

छत्रपति संभाजीनगराहून कन्नडमार्गें घाट उतरलें कीं चाळीसगांव तालुक्यांतील पाटण लागतें. भास्कराचार्यांचा नातू व देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं येथें मठ स्थापिला. त्यास सोईदेव निकुंभानें शके ११२८ (इ. स. १२०७) मध्यें दिलेल्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनीं १८६५ च्या सुमारास उजेडांत आणिला. त्याचा अखेरचा भाग मराठींत आहे. या मठांत शिकविला गेलेला सिद्धांतशिरोमणि (शके १०७२) आपल्या विषयाच्या मुळाशीं नेतो.

भास्कराचार्य त्रिज्या १२० धरून दहा दहा अंशांचीं नऊ ज्याखंडें देतात: २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. चोवीस अंशांची ज्या हवी असल्यास गत खंड २० व भोग्य खंड १९. त्यांचें अंतर १, शेष अंश ४ नीं गुणून २० नीं भागिलें कीं ०.२, तें दोहोंच्या अर्धबेरजेंतून, १९.५ मधून, वजा करून स्पष्ट भोग्य खंड १९.३ येतें. त्याच्या चार दशांशानें ज्या ४८.७२ होते. खरी ४८.८१, साध्या त्रैराशिकानें ४८.६ च येती.

ही रीति मूळची ब्रह्मगुप्ताची, खंडखाद्यकांतील (शके ५८७). परंतु ग्रहांचीं शीघ्रफळें लावतांना तेथें कोनांचीं अंतरें सारखीं नाहींत. फळ जेथें झपाट्यानें पालटतें तेथें पायऱ्या जवळ जवळ घातल्या आहेत. ब्रह्मगुप्त सांगतो कीं, गत खंड आधीं भोग्य अंतराच्या प्रमाणांत आणावें. आम्ही कल्पिलेलें उदाहरण घ्या. गत अंतर २० अंश, खंड ३०. भोग्य अंतर १० अंश, खंड १२. जसेच्या तसे ताडले तर फरक १८ दिसतो, पण गत खंड १० अंशांपुरतें १५ च, म्हणून खरा फरक ३. वरची ओळ गळालेल्या पानावरून हें कोण ओळखणार? आणि ती असूनहि विषम आंकडे पाहून लेखकप्रमाद समजून ‘सुधारणारे’ अधिक भयंकर.

ब्रह्मगुप्ताची ही रीति म्हणजे न्यूटनाचेंच सूत्र असा अभिमान मात्र आम्ही धरीत नाहीं. समान अंतरांवर दोहोंचें फळ एकच येतें. विषम अंतरांवर येत नाहीं, हें वरील उदाहरण मागच्या पायरीपर्यंत चालवून कोणासहि पडताळतां येईल.