माजघरातले मूल

सोलापूरहून पुण्याकडे निघालेली गाडी दौंड मागे टाकून थोडी पुढे आली, की केडगाव स्टेशन लागते. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाचे हे गाव. विधवांचा आणि दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींचा आसरा म्हणून ह्या संस्थेची ख्याती झाली. पण तिच्या इतिहासातले एक प्रकरण सहसा कोणी सांगत नाही. ते आंधळ्या मुलींचे.

एकोणिसावे शतक सरता सरता १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ आले. सोलापूर जिल्हा तर अवर्षणाच्या पट्ट्यातलाच. पोटात पालाभाजी, दूधदुभते गेले नाही की आधी रातांधळेपणा येतो आणि पुढे बुबुळच निकामी होते, हे आज आपण अ जीवनसत्त्वाच्या नावाने जाणतो. त्यात देवीची साथ. देवीतून वाचलेले मूल पुष्कळदा दृष्टी गमावूनच उठे. अशा मुलाच्या हाती गरिबाघरी भिकेचा कटोरा येई. खात्यापित्या घरी ते माजघरात राही. ‘मागल्या जन्मीचे पाप’ हे शब्द त्याच्या आईला चुलीपाशी ऐकावे लागत.

हा प्रश्न एका धर्माचा नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात एका जन्मांधाची गोष्ट आहे. पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, असे शिष्य विचारतात. आणि येशू दोघांनाही त्या दोषातून मोकळे करतो. उपासनेला बसलेल्या आईबापांना ह्याहून मोठा दिलासा कोणता?

पण नुसत्या दिलाशाने मूल वाढत नाही. त्याला शिकवावे लागते. मुंबईत १८८५ च्या सुमारास कॅथलिक बिशप मेरिन ह्यांनी बहिऱ्यामुक्यांची शाळा काढली. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड ह्यांनी अंधांची शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंधशाळा झाली. ह्याच मिशनचे काम सोलापुरातही चालू होते.

केडगावी हे काम रमाबाईंच्या कन्येने उचलले. मनोरमाबाई (१८८१-१९२१) अमेरिकेत शिकत असता ब्रेल लिपी शिकून आल्या. लहानपणीच डोळे गमावलेल्या एका फ्रेंच मुलाने पंधराव्या वर्षाच्या सुमारास रचलेली ही सहा टिंबांची लिपी केडगावच्या मुलींच्या बोटांखाली आली. जिला आजवर हात धरून न्यावे लागे, ती आता स्वतः वाचू लागली.

ह्या घराची कर्ती बाई तरी कोण? वैद्यक शिकावे म्हणून रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. पण ऐकू येणे कमी होत गेले आणि तो बेत सोडावा लागला. अपंगत्व म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मुली ख्रिस्ती होतात म्हणून १८९३ साली त्यांच्या शारदासदनावर पुण्यात वादळ उठले. त्या वादाला दोन्ही बाजू आहेत. परंतु वाद घालणाऱ्यांपैकी कितीजणांनी एखादी आंधळी अनाथ मुलगी आपल्या घरी नेली असती, हेही विचारावेसे वाटते.

संस्थेचीही एक मर्यादा आहे. ती अनाथाला घर देते. पण ज्याला आईबाप आहेत, ते मूल तिथे गेले की घराला पारखे होते. आज देवीचा रोग उरलेला नाही, आणि २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मानून अशा मुलांचा इतरांच्या बरोबरीने शिकण्याचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा पुढचे काम घराचे, शेजाऱ्यांचे आणि मंडळीचे. रविवारच्या शाळेत त्या मुलाला इतरांच्या रांगेत बसवावे. त्याच्या आईला निवांत उपासना करता यावी म्हणून कोणी तासभर त्याच्याजवळ थांबावे. ह्याला देणगी लागत नाही, इमारतही लागत नाही.

आज घरोघर फराळाची ताटे फिरतील. ज्या घरातले एक मूल पाहुणे आले की माजघरात जाते, त्या घरी आपणच ताट घेऊन जावे, आणि ते त्या मुलाच्या हातात द्यावे.