आईची आठवण आणि जात्यावरची ओवी

दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत आणि वरवंडच्या दरम्यान वसलेल्या भांडगावासारख्या गावांत घरच्या थोरल्या बाईची आठवण दोन रीतींनी जपली गेली. मुलांनी ती श्राद्धात जपली, लेकीसुनांनी ओवीत.

श्राद्धाची रीत ठरलेली आहे. दहाव्याला पिंडदान, वर्षाने वर्षश्राद्ध आणि पुढे दरसाल पितृपंधरवडा. पिंड देताना आई, आजी आणि पणजी अशा तीनच पिढ्यांची नावे घेतली जातात. नवऱ्याआधी गेलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी राखलेली असते. दीर्घायुषी बाई मात्र बहुधा नवऱ्यामागे उरते, त्यामुळे त्या नवमीचा मान तिला मिळत नाही. शिवाय हा विधी मुलाच्या हातचा; सासरी गेलेल्या लेकीला त्यात फारसे स्थान नसते.

लेकीने आपली आठवण जात्यावर सांगितली. ही परंपरा फार जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख सापडतो. पहाटे दोघीजणी समोरासमोर बसत. एकच खुंटा दोघींच्या हातांत असे. एकजण मधूनमधून जात्याच्या तोंडात मूठभर दाणे घाली. एकीने ओवी उचलली की दुसरी तिला साथ देई. पहिल्या ओव्या देवाच्या, मग आईबाप, भाऊ आणि माहेराच्या. आईने सोसलेले कष्ट, तिची माया, तिच्यामागे ओकेबोके वाटणारे माहेर, हे सारे ओवीत येई. तुकाराम महाराजांची पालखी पंढरीला जाताना भांडगावाजवळच्या याच पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाते. त्यामुळे आईइतक्याच जिव्हाळ्याने विठ्ठलही ओवीत येतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. दळणाचे कष्ट सरले आणि ओवीची रोजची वेळही गेली. साने गुरुजी आणि सरोजिनी बाबर यांनी ओव्यांचे संग्रह केले होतेच. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह पुणे जिल्ह्यातून आणि इतरत्र एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संग्रहालय 2017 पासून त्या प्रसिद्ध करत आहे. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गावही नोंदलेले असते. श्राद्धात तीन पिढ्यांनी थांबणारे स्मरण या नोंदींमुळे पुढे चालू राहिले, आणि आईला आठवणाऱ्या लेकींची नावेही त्यात टिकली.