जून कानेको

जून कानेको (जन्म : १९४२, नागोया, जपान) हे जपानी-अमेरिकी मृत्तिकाशिल्पकार व चित्रकार आहेत. माणसाहून उंच, झिलई दिलेली मातीची शिल्पे ही त्यांची मुख्य ओळख होय. त्यांची कार्यशाळा अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे आहे.

जीवन

कानेको यांचे आरंभीचे शिक्षण चित्रकलेचे. १९६३ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या शुइनार्ड आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकण्यास गेले. तेथे फ्रेड व मेरी मारर या संग्राहक दांपत्याकडील मृत्पात्री पाहून ते मातीकडे वळले. पुढे जेरी रॉथमन, पीटर वुल्कोस व पॉल सोल्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. मातीने केवळ भांड्यांपुरते न राहता शिल्पाचे माध्यम व्हावे, ही या कॅलिफोर्नियातील कलावंतांची धडपड होती. मृत्पात्रीची थोर परंपरा असलेल्या जपानमधून आलेल्या चित्रकाराने मातकाम मात्र अमेरिकेत शिकावे, हे विशेषच. क्रॅनब्रुक ॲकॅडमी ऑफ आर्ट येथे त्यांनी १९७९ ते १९८६ या काळात अध्यापन केले.

दांगो

कानेको यांच्या सर्वांत प्रसिद्ध शिल्पमालेला 'दांगो' म्हणतात. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे, हा जपानमधील घरोघरचा पदार्थ. शिल्पे वरून गोलसर, बंद व आतून पोकळ असतात. ती चाकावर न घडवता जाड भिंती हाताने थरावर थर चढवून उभारली जातात. ओमाहातील वीटकारखान्यात १९८२-८३ मध्ये त्यांनी मोठ्या आकाराचे दांगो घडवले. नंतर कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथे, सांडपाण्याच्या नळांच्या कारखान्यातील भट्ट्यांत, तीन मीटरहून उंच दांगो भाजले.

खरी कसोटी वाळवण्यात आहे. माती वाळताना आकसते. एक बाजू दुसरीपेक्षा लवकर वाळली की तडा जातो. आत ओल राहिल्यास भट्टीत तिची वाफ होऊन शिल्प फुटते. ओले मडके आव्यात टिकत नाही हे गावचा कुंभारही जाणतो. येथे ते मडके काही टन वजनाचे असते. म्हणून वाळवण्यास महिने आणि भाजून निवण्यास आठवडे लागतात. एवढे करूनही शिल्प हाती लागेलच, याची खात्री नसते.

पृष्ठभागावर पट्टे, ठिपके व नागमोडी रेषा असतात. दोन खुणांमधील रिकाम्या जागेला कानेको खुणेइतकेच महत्त्व देतात. जपानी सौंदर्यविचारात या अवकाशाला 'मा' म्हणतात.

इतर कार्य

ओमाहा येथील बेमिस सेंटर या कलाकेंद्राच्या संस्थापकांत कानेको होते. २०१३ मध्ये शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये त्यांची शिल्पे मांडली गेली. त्यांनी 'मादामा बटरफ्लाय' (२००६), 'फिदेलिओ' (२००८) आणि 'द मॅजिक फ्लूट' (२०१२) या ऑपेरांचे नेपथ्य व वेशभूषा केली.